दोन व्यक्ती नसून

"या कारकुनाला वाटतंय, तुझ्या वडिलांना दोन बायका आहेत!"

एवढं बोलून मी मोठ्यानं हसलो. केतकी वडकेही हसली. तिच्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली तिची आई मात्र हसली नाही. ती माझ्या हातातल्या फॅक्सच्या कागदाकडे पाहत होती.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कुमठेकर रस्त्यावर चष्म्याच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, मी स्पॅनिश भाषांतराचं काम करायचो. वय सत्तावीस. स्पॅनिश येत होती, लॅटिनही थोडीफार शिकलो होतो आणि या दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त शहाणपणा अंगात होता. कुणी जन्माचा दाखला घेऊन आलं तरी मी त्याला एखाद्या शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय सोडत नसे. माझी आई म्हणायची, याच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि विद्यार्थी होऊन जातं.

केतकीचं लग्न सारागोसाच्या इनिगो नावाच्या इंजिनियरशी ठरलं होतं. तो पुण्यात तिच्या कंपनीत नवीन यंत्रं बसवायला आला, आठ महिने राहिला, आणि पुढचं ओघानंच झालं. जुलैत त्याची बदली मेक्सिकोला होणार होती. त्याआधी जूनमध्ये सारागोसाच्या नोंदणी कार्यालयात लग्न झालं तरच केतकीला बायको म्हणून त्याच्याबरोबर जाता येणार होतं. कागदपत्रं सगळी मीच करून दिली होती आणि आता तिथून हा फॅक्स आला होता.

"विचारतात काय नक्की?" केतकीनं विचारलं.

"तुझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सगुणा आहे आणि पासपोर्टवर शालिनी. ही शालिनी कोण आणि सगुणा कोण, याचा शपथेवर खुलासा करा. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर फाईल बंद."

"आई, सगुणा म्हणजे तुझं माहेरचंच नाव ना?"

"हो," आई म्हणाली.

"मग झालं तर. सर, माझा जन्म रेवदंड्याचा, आईच्या माहेरी. आजोबांनी ग्रामपंचायतीत नोंद केली आणि चुकून आईचं माहेरचं नाव सांगितलं."

असले घोळ मी शेकड्यानं पाहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, लग्नात नाव बदललेलं, नोंद करायला गेलेला बाप लेकीला जुन्याच नावानं ओळखणारा. ज्या देशात लग्नानंतर बाईचं नावही बदलत नाही आणि आडनावही, तिथल्या कारकुनाला हे कळणार कसं? यावरचा ठरावीक मजकूर माझ्या खणात तयार असायचा. मी तो काढला आणि नावं भरून वाचून दाखवला: "मी, सौ. शालिनी मधुसूदन वडके, शपथेवर लिहून देते की सगुणा व शालिनी या दोन भिन्न व्यक्ती नसून एकच व्यक्ती आहे. लग्नानंतर मी सगुणा हे नाव कायमचे सोडले आहे."

"याच इमारतीत वर नोटरी आहेत. आत्ता सही केलीत तर उद्या भाषांतर करून पाठवतो," मी म्हणालो.

शालिनीकाकूंनी कागद हातात घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. मग त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"उद्या करते सही," त्या म्हणाल्या.

"अगं आई, आत्ता काय झालं?"

"उद्या करते म्हटलं ना."

केतकीनं माझ्याकडे पाहून खांदे उडवले. मीही ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू एकट्याच आल्या. मला वाटलं, सही करायला. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि टेबलावर पसरलेल्या फॉर्मकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मास्तर, केतकीच्या नावापुढे हे काय लिहिलंय?"

"सोल्तेरा. म्हणजे अविवाहित." मला कुणी एवढं विचारलं की पुरे व्हायचं. "लॅटिनमध्ये मूळ शब्द सोलितारिया. एकटी राहणारी."

"लग्नाआधी एकटी?" त्यांना गंमत वाटली. "रेवदंड्याला आमच्या घरात तेरा माणसं होती. एकटी पडले ती लग्न होऊन पुण्यात आल्यावर. आणि माझ्या नावापुढे?"

"कासादा. कासा म्हणजे घर. जिला घर मिळालं ती कासादा."

"कासा?" त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथले ख्रिश्चन लोक पोर्तुगीजांच्या वेळचं काहीतरी बोलतात. माझे वडील त्यांच्या लग्नाची तांब्याची भांडी घडवायचे, मी द्यायला जायचे. घराला त्यांचा शब्द असाच काहीतरी होता. बघा, मी लहानपणीच ऐकलाय की तुमचा शब्द!"

मला हे ठाऊक नव्हतं. मी वही काढून लिहून घेतलं. त्या खूश झाल्या आणि पुढचे शब्द मागू लागल्या. इतकं खरं कुतूहल असलेलं माणूस माझ्या त्या खोलीत त्याआधी आलं नव्हतं, हे आज कबूल करतो. मी सांगत गेलो. एस्पोसा, म्हणजे पत्नी, मुळात जिच्याबद्दल वचन दिलंय ती. बोदा, म्हणजे लग्न, मुळात शपथा. मात्रिमोनिओ, विवाह, त्यात माता आहे.

"आणि हा मोठा शब्द?"

"कोन्युखे. पती किंवा पत्नी, कुणीही. एका जुवाला जोडलेले दोघं. आपलं जू आणि त्यांचं ते मुळात एकच. फार जुन्या काळी त्यांची आणि आपली भाषा एका घरातली होती. हे ऐका: सासूला ते म्हणतात स्वेग्रा, संस्कृतात श्वश्रू. सुनेला न्वेरा, संस्कृतात स्नुषा. विधवेला बिउदा."

"अगंबाई!" काकूंनी गालावर हात ठेवला. "सासू, सून आणि विधवा. एवढ्या लांबवर पोचल्या त्या या तिघीच होय? आणि नवरा?"

"नवऱ्या मुलाला नोव्यो म्हणतात. नवा, या अर्थी. आपला नवराही नव्यावरूनच आलाय."

"सत्तावीस वर्षं झाली, आता कसला नवा!" त्या हसल्या. पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करत अगदी सहज म्हणाल्या, "आणि सवतीला?"

मी तोंड उघडलं, पण शब्द आठवेना. जाड कोश काढला, उलटसुलट चाळला. त्यात नवऱ्याची ठेवलेली बाई होती, रखेल होती, पण सवत काही सापडेना.

"नाहीये बहुतेक," मी शेवटी म्हणालो. "एका वेळी एकच बायको, त्यामुळे शब्दाची गरज पडली नसावी."

"एका वेळी नाही हो. एकीमागून एक असली तर?"

"तर पहिली बायको आणि दुसरी बायको."

"म्हणजे त्या दोघींचं एकमेकींशी काही नातं नाही?"

 काकू उठल्या. पर्समधून कालचा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर सही नव्हती. "उद्या येते," असं म्हणून त्या निघून गेल्या.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "सर, आई सही का करत नाहीये? विचारलं की गप्प बसते. तिला इनिगो आवडतो हो. स्वतः त्याला थालीपीठ लावायला शिकवलंय तिनं. मग ऐन वेळी हे काय? तुमच्याशी काही बोलली का?"

"शब्दांबद्दल बोलत होत्या," मी म्हणालो. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, पण ती कशाची ते माझं मलाच कळत नव्हतं. दोन बायका म्हणून आपण हसलो होतो, एवढं मात्र सारखं आठवत राहिलं.

गुरुवारी सकाळी मी कुलूप उघडायला गेलो तर काकू जिन्यातच उभ्या. आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या. मग गळ्यातल्या मंगळसूत्रामागचा काळा दोरा त्यांनी पदराखालून बाहेर ओढला. दोऱ्याला नखाएवढा चांदीचा पत्रा होता आणि त्यावर ठोकून काढलेली एका बाईची आकृती.

"हे काय आहे, ठाऊक आहे?"

"देवीचा टाक?"

"सवतीचा टाक. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात घालतात. तिनं त्रास देऊ नये, तिचा मान राहावा म्हणून. ह्यांनी स्वतः ठोकलाय. जन्मभर तांबं ठोकणारा माणूस, चांदी तेव्हा पहिल्यांदा हातात धरली."

टाक शब्दाचं मूळ सांगायचा मोह मी आवरला. एरवी मला ते जमत नसे.

"तिचं नाव शालिनी," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं संसार केला तिनं. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्ष व्हायच्या आत मला आणली. सासूबाई म्हणाल्या, नाव तेच ठेवू. घरात शालिनीच नांदतेय असं वाटलं की तिचा जीव शांत राहील. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं. मी बघत होते. त्यांचा हात कुठे अडला नाही, एकदा लिहिलेलंच होतं ना."

"केतकीला माहीत आहे?"

"नाही. घरात कुणी तिचा विषयच काढत नाही. काढणार कसा? शालिनी म्हटलं की मीच ओ देते." त्यांनी टाक परत पदराखाली सारला. "हे मला दिवसातून दहादा हाक मारतात. ती कुणाला मारतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं?"

खाली रस्त्यावर एक हातगाडीवाला कोथिंबीर कोथिंबीर ओरडत होता. मी टेबलावरचा कागद सरळ करत बसलो.

"आता सांगा मास्तर, सगुणा आणि शालिनी दोन व्यक्ती नसून एकच आहे, असं शपथेवर कसं लिहून देऊ? होत्या की दोन. मी अशी सही केली म्हणजे ती जन्मालाच आली नव्हती असं होतं. तिचा संसार मी घेतला, नाव घेतलं. आता तिचं होऊन गेलेलंही मीच पुसू?"

मला वाटलं होतं, ही बाई स्वतःच्या जुन्या नावासाठी अडून बसलीय. तिचं अडलं होतं ते कधी न पाहिलेल्या दुसऱ्याच बाईसाठी. पण मी तेव्हा पुरता कामाचा माणूस होतो. म्हणालो, "काकू, तुमचं पटतं मला. पण सरकारी कागदाला एवढं कळत नाही. तुम्हालाच शालिनी म्हणतात, हे तर खरं आहे ना? उद्याची मुदत आहे. एक वाक्य आहे, करून टाका सही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काल एकेका शब्दासाठी तुम्ही दोन हजार वर्षं मागे जात होता. मी सत्तावीस वर्षं मागे चला म्हणते, तर लगेच एक वाक्य आहे, करून टाका?"

कुणीतरी कान उपटावा तसं झालं. मी टेबलावरचा तो ठरावीक मजकुराचा कागद फाडला आणि कोरा कागद घेतला. "सांगा, तुम्ही सांगाल तसं लिहितो."

त्या सांगत गेल्या. माझं नाव सगुणा. केतकीची आई मी. माझ्या नवऱ्याची पहिली बायको शालिनी, ती एकोणिसशे एकोणसत्तर साली वारली. लग्नात मला तिचं नाव दिलं, म्हणून माझ्या कागदांवर शालिनी आहे.

"आणि जन्मदाखल्यावर आजोबांनी चुकून माहेरचं नाव सांगितलं, असं लिहू?" मी विचारलं.

"चुकून?" त्या ताठ बसल्या. "चुकून नाही हो. मला सातवा लागला तेव्हा माझे वडील पुण्याला आले. सासूबाईंना तोंडावर म्हणाले, शालिनीचं काय झालं ते कळलंय मला, माझी सगुणा मी घेऊन जातो. केतकी झाली, आम्ही दोघी सुखरूप राहिलो. तेव्हा ते स्वतः ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकानं दोनदा विचारलं, सासरचं नाव सांगा. तर म्हणाले, जी वाचली तिचंच नाव लिही."

माझं पेन थांबलं. तीन दिवस आम्ही सगळे ज्याला घोळ म्हणत होतो, तो त्या माणसानं जाणूनबुजून केला होता.

"हे लिहा," काकू म्हणाल्या. "मुद्दाम सांगितलं, असं लिहा."

"लिहितो. पण मुलीला आधी कळायला हवं. आणि तुमच्या यजमानांना."

"ह्यांना आज सांगते. केतकीला..." त्यांचा आवाज पहिल्यांदाच डळमळला. "तिला वाटेल, आईनं जन्मभर खोटं सांगितलं. लग्नाला आठ आठवडे राहिलेत. सासरी जाताना मनात हे घेऊन जाईल पोर. तिला तुमच्याकडूनच कळू दे. कागद वाचायला द्या. मला तोंडानं नाही जमायचं."

शुक्रवारी अकरा वाजता तिघंही आले. मधुसूदन वडक्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, वाकलेले, तळहात काळेभोर. तांबं ठोकून ठोकून कान गेलेले, त्यामुळे बोलणं एकदम वरच्या पट्टीत. केतकी घुश्शात होती. "एका सहीसाठी बाबांनाही दुकान बंद करून यावं लागलं," ती म्हणाली.

मी तिच्या हातात कागद दिला. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या.

केतकीनं वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"बाबा, हे खरं आहे?" तिनं मोठ्यानं विचारलं.

वडक्यांनी मान डोलावली. "लिहिलंय ते बरोबर आहे."

"मग इतकी वर्षं मला कुणी..."

ती उठून खिडकीपाशी गेली आणि आईसमोर खाली फरशीवर बसली. काकू अजून बाहेरच पाहत होत्या. मला वाटलं, आता रडारड होणार, आणि मी उगाच कपाटातले कागद लावू लागलो.

"आई," केतकी म्हणाली, "कशी होती गं ती?"

काकूंनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मला काय माहीत, राणी? मी कुठे पाहिलंय तिला? तुझ्या बाबांना विचार."

वडक्यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पण केतकीनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते जागच्या जागी चुळबुळले आणि त्यांच्या त्या दणदणीत आवाजात म्हणाले, "गाणं म्हणायची. ठोकण्याच्या तालावर." तेवढंच बोलले आणि खिशातला रुमाल शोधत राहिले.

आम्ही वर नोटरींकडे गेलो. त्यांनी मजकूर वाचून भुवया उंचावल्या. मला म्हणाले, "अहो, नेहमीचा दोन ओळींचा मजकूर काय वाईट होता?" मी म्हणालो, "तो खोटा होता." काकूंनी पेन घेतलं. सत्तावीस वर्षं शालिनी अशी सही केलेला हात, सगुणा लिहिताना प्रत्येक अक्षराला थांबत होता. साक्षीदार म्हणून खाली वडक्यांनी सही केली.

भाषांतर मी त्याच दुपारी केलं. सवतीला शब्द नव्हताच, तिथे सरळ "माझ्या नवऱ्याची पहिली बायको" असं लिहिलं आणि तिचं नाव लिहिलं. सारागोसाहून चार दिवसांनी उत्तर आलं: खुलासा मान्य. जूनमध्ये लग्न झालं. तिथल्या नोंदवहीच्या नकलेत केतकीची आई म्हणून सगुणा हे नाव आहे. तो खणातला मजकूर मी पुन्हा कधी कुणाला न विचारता पुढे केला नाही.

पण मला आठवतो तो त्या शुक्रवारचा जिना. आमच्या इमारतीचा जिना अरुंद, पायऱ्या झिजलेल्या आणि दुपारीही अंधार. सह्या झाल्यावर काकू पुढे उतरत होत्या, मागे केतकी, मग वडके, आणि निरोप द्यायला आलेला मी वर कठड्याशी. वळणावरची पायरी तुटलेली होती. वडके एकदम ओरडले:

"सगुणा! पायरी बघ, तुटलीय!"

अख्ख्या जिन्यात घुमला तो आवाज. खालचा चष्मेवाला बाहेर येऊन वर बघायला लागला. आणि काकू तशाच उतरत राहिल्या. आपल्याला हाक मारलीय हे त्यांना कळलंच नाही.

केतकीनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "आई, थांब. बाबा तुला बोलावतायत."